पपांची पेटी आणि विहीणबाईंची पाठ

माझे वडील वारले त्या दिवशी त्यांची शवपेटी तयार होती, पण तिच्यावर माझ्या बहिणीची सासू झोपलेली होती.

हे वाक्य मी आजवर ज्याला ज्याला ऐकवलं, त्याने मला आधी बसायला सांगितलं आणि मग पाणी आणून दिलं. तेव्हा नीट पहिल्यापासून सांगतो.

पपा सुतार होते. बोळिंजला आमच्या आळीत त्यांना लहानथोर सगळे पास्कूमेस्त्री म्हणत. एके काळी आळीतली सगळी दारं, खिडक्या, पाळणे आणि देवघरं त्यांच्याच हातची. पुढे आजूबाजूला टॉवर उभे राहिले, खिडक्या ॲल्युमिनियमच्या झाल्या, दारं कंपनीतून तयार यायला लागली आणि पपांकडे एकच काम उरलं जे अजून कुणी सरकवून उघडायच्या डिझाइनमध्ये आणलं नव्हतं. ते शवपेट्या करायला लागले. आम्ही ख्रिस्ती लोक माणसाला मातीत देतो, ते पेटीत घालून, त्यामुळे या धंद्याला मंदी नाही. पहाटे चर्चमध्ये मिस्सा, मग चहा, मग अंधार पडेपर्यंत पडवीत रंधा. रविवारीसुद्धा कुणी दारात येऊन नुसता उभा राहिला, की पपा काही न विचारता फळ्या काढायला उठायचे.

या धंद्यामुळे त्यांच्या वाट्याला एक विचित्र मान आला होता. लग्नाच्या मांडवात पपा शिरले की म्हातारी माणसं खुर्चीत जरा आखडून बसायची. पपा नुसत्या नजरेने माप घेतात अशी वदंता होती. (वदंता कसली, घ्यायचेच!) आजाऱ्याला भेटायला जाणं त्यांनी बंद केलं होतं. ते दारात दिसले की कण्हणारा माणूस उठून बसायचा आणि "मला काय झालंय, मी ठनठनीत हाय," म्हणून पेज मागायचा. पपा म्हणायचे, "निम्मे पेशंट तर मला बघून बरे होतात. डॉक्टरांनी माझा फोटो दवाखान्यात लावायला पायजे."

आमच्या परसातला फणस रस्तारुंदीत गेला तेव्हा त्याच्या लाकडातून पपांनी स्वतःसाठी पेटी केली. रीतसर हौसेने केली. गिऱ्हाइकांच्या पेट्या खांद्याशी रुंद आणि पायाशी निमुळत्या असतात, ही त्यांनी सरळ चौकोनी केली आणि चांगली ऐसपैस. "जन्मभर या घरात अंग चोरून झोपलो," ते म्हणाले, "तिथे तरी पाय पसरू दे." दोन्ही बाजूंना पितळी कड्या लावल्या. क्रूस मात्र झाकणाच्या आतल्या अंगाला कोरला, कारण तो बघायचा त्यांना होता, लोकांना नव्हे. पेटी पुरी झाल्यावर ते माप बघायला आत आडवे झाले आणि दिवसभराच्या कष्टाने तिथेच घोरायला लागले. मम्मी चहा घेऊन आली. दुसरी कुणी असती तर तिने कप टाकून हंबरडा फोडला असता. मम्मीने कप पेटीच्या काठावर ठेवला आणि म्हणाली, "उठा. मेलात तरी चहा गारच पिनार काय?"

पेटी पडवीत नुसती पडून राहिली हे मम्मीच्या डोळ्यांत खुपायला लागलं. आधी तिने आत तांदूळ ठेवले. फणसाच्या लाकडाला किडा लागत नाही. मग नाताळचा गोठा, मग आम्हा भावंडांच्या गोधड्या, मग पाहुण्यांची भांडी. वर एक गादी आली, गादीवर फुलाफुलांची चादर. वर्षा-दोन वर्षांत ती घरातली 'मोठी पेटी' झाली आणि ती मुळात कशासाठी केली होती हे आम्ही सगळे साफ विसरलो. सुताराच्या घरी असं होतं. हलवायाची पोरं लाडवाकडे बघत नाहीत तसं आमचं शवपेटीकडे लक्ष जात नसे. मी तिच्यावर बसून दहावीचा अभ्यास केला आहे.

आता विहीणबाई. माझी बहीण लीना हिचं लग्न ठरलं एव्हरशाईन सिटी या जवळच्या कॉलनीतल्या सिरिलशी. सिरिल बोटीवर, घरी फक्त त्याची आई, सेलिनबाई. शाळेच्या ऑफिसात नोकरी करून निवृत्त झालेल्या, स्वभावाने कडक, पाठीने अधू आणि ब्लडप्रेशरने हैराण. बोलणी करायला त्या आमच्याकडे आल्या आणि जागा होती म्हणून मोठ्या पेटीवर बसल्या. बसल्या, जरा हलून पाहिलं, हात फिरवला, आणि आमच्या घराच्या इतिहासात कधी कुणी बोललं नव्हतं ते वाक्य बोलल्या.

"मेस्त्री, दिवाण फार सुंदर केलाय तुम्ही. काय फिनिशिंग आहे! माझी पाठ पहिल्यांदा कुठेतरी शांत बसलीय."

पपांचा चेहरा मला अजून आठवतो. इतकी वर्षं हा माणूस पेट्या करत होता, पण त्या धंद्यात गिऱ्हाईक कौतुक करायला मागे राहत नाही आणि नातेवाईक तेव्हा रंध्याकडे बघण्याच्या मनःस्थितीत नसतात. पहिल्यांदाच कुणीतरी त्यांच्या पेटीला चांगलं म्हणत होतं. पपा विरघळले. मम्मीने डोळे मोठे केले, लीनाने खोकून दाखवलं, मी पाण्याचा ग्लास सांडला, पण तोवर पपा बोलून गेले होते, "आवडला? मग तुमचाच. पोरीबरोबर पाठवतो."

आणि पाठवली. खरं काय ते सांगायचं कुणी? "विहीणबाई, ती शवपेटी आहे," हे वाक्य सोयरिकीच्या कुठल्या टप्प्यावर बोलावं, हे आम्हाला कळलं नाही. सेलिनबाईंनी झाकणाच्या आतला क्रूस पाहिला तेव्हा त्यांना उलट भरून आलं. मेस्त्री किती देवभीरू, गोधड्यांवरसुद्धा आशीर्वाद कोरून ठेवला, असं त्यांनी सगळ्या बिल्डिंगला दाखवून दाखवून सांगितलं. रोज दुपारी त्या तिच्यावर झोपायच्या आणि पाठीचा डॉक्टर त्यांनी सोडून दिला.

पपा म्हणाले, "दुसरी करीन." केलीसुद्धा. पण पेटी पुरी व्हायची आणि अर्नाळ्याहून कुणीतरी धावत यायचं, की घरात माणूस गेलंय आणि हातात काही नाही. पपा ती उचलून द्यायचे. तिसऱ्यांदा मम्मी चिडली तेव्हा म्हणाले, "त्यांचा मानूस थांबनार नाय. मी काय, मी थांबू शकतो."

गेल्या वर्षी त्यांना थांबता आलं नाही. सकाळी चहा पिऊन पडवीत गेले, रंध्याला धार लावायला बसले आणि बसल्या जागी गेले. मम्मीला वाटलं, डुलकी लागली. मला अजून त्या सकाळचं नीट काही आठवत नाही. डॉक्टर आले, लीना एव्हरशाईनहून रिक्षाने आली, फादर आले आणि संध्याकाळी माती ठरली. घरभर रडणं चाललं होतं. मी भिंतीला टेकून नुसता उभा होतो.

मम्मीने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "विल्सन, पेटी आन."

रडणं एकदम थांबलं. लीनाचा हुंदका तर मधेच अडकला. सगळ्या घराला एकाच वेळी आठवलं, पेटी कुठे आहे ते.

"मम्मी," लीना म्हणाली, "पेटी आमच्याकडे आहे."

"म्हनून तर त्याला आनायला सांगते."

"अगं, पण सासूबाईंना माहीत नाही. पपा गेले हेसुद्धा सांगितलं नाहीये मी त्यांना. बरं नाही एवढंच बोलून आले. डॉक्टरांनी बजावलंय, यांना धक्का बसेल असं काही सांगू नका. आणि त्या आता झोपल्या असतील. तिच्यावरच."

मी म्हणालो, "मम्मी, बाजारातून आणूया ना एक. चांगली मिळते, आतून सॅटिन लावलेली."

मम्मीने माझ्याकडे असं पाहिलं की मी आपोआप दोन पावलं मागे सरलो. "अख्ख्या गावाला त्याने लाकडात पाठवलं. त्याला मी प्लायवूडमध्ये पाठवू? मला सांगून ठेवलंय त्याने. बाजारच्या चकचकीत खोक्यात घातलंत तर उठून बसेन म्हनून. तुला त्याचा सभाव म्हायती हाय."

माहीत होता. उठून बसले असते. आणि खरं सांगायचं तर मलाही त्यांना दुसऱ्या कुठल्या पेटीत बघवलं नसतं. या माणसाने स्वतःसाठी म्हणून जन्मात एकच वस्तू केली होती.

म्हणून मी निघालो. बरोबर इनासकाका, म्हणजे पपांचे धाकटे भाऊ, आणि त्यांचे दोन मुलगे. टेम्पो शेजाऱ्याचा. सेलिनबाईंना कळू न देता पेटी खाली आणायची, एवढंच काम. यावर टेम्पोत मी एक योजना आखली. पॉलिश करायला नेतो असं सांगायचं. आज विचार केला की अंगावर काटा येतो, पण त्या वेळी ती योजना मला फार हुशारीची वाटली होती.

पहिली चूक इनासकाकांच्या कपड्यांत होती. ते आमच्या चर्चच्या पॅरिशमधले जुने खांदेकरी. गावात कुठेही मयत असली की काका खांद्याला असतातच. त्यामुळे टेम्पोत बसताना त्यांनी सवयीने काळा सूट चढवला होता. सेलिनबाईंनी दार उघडलं, त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "हे कोण?"

"काका. दिवाण उचलायला आलेत."

"सूट घालून?"

"नीटनेटके राहतात," मी म्हणालो.

"बरं. पण दिवाण कशाला उचलायचा?"

"पॉलिशला. पपांनी मागवलाय." (यात खोटं फक्त पॉलिश होतं.)

"अरे, लीना तर म्हणाली त्यांना बरं नाही."

"हो ना. बरं नाहीच."

"मग आजारी माणूस पॉलिश करणार?"

"पडून पडून कंटाळा आलाय त्यांना."

सेलिनबाईंनी चष्मा लावला. शाळेच्या ऑफिसात आजारपणाच्या खोट्या चिठ्ठ्या ज्या नजरेने तपासल्या असतील, त्या नजरेने त्या माझा चेहरा तपासू लागल्या. "इतकी काय घाई? पुढच्या आठवड्यात न्या."

"नाही, नाही. त्यांना आजच पाहिजे. संध्याकाळच्या आत."

"थांब, मी बोलते त्यांच्याशी. फोन लाव."

"ते आता फोनवर बोलत नाहीत."

"का? माझ्यावर रागावलेत का?"

"नाही हो. कुणाशीच बोलत नाहीत."

मागून इनासकाकांनी मोठा हुंदका दिला. माझ्या चुलतभावाने त्यांच्या पाठीवर थापटून सांगितलं, "सर्दी झालीय त्यांना." सेलिनबाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. मग म्हणाल्या, "मेस्त्रींचं मन मी मोडणार नाही. पण रंग मी सांगणार. मागच्यासारखाच मधाळ पाहिजे, नाहीतर काळपट करून ठेवतील. मीच येते तुमच्याबरोबर. त्यांनाही बघून होईल."

आम्ही नको म्हणायला तोंड उघडलं, तोवर त्या पेटी रिकामी करायला लागल्यासुद्धा. गोधड्या निघाल्या, नाताळचा कागदी तारा निघाला, सिरिलच्या बाबांचे सूट निघाले, इडलीपात्र निघालं, न वापरलेले दोन प्रेशर कुकर निघाले. प्रत्येक वस्तूची हकिकत सांगितल्याशिवाय ती बाहेर येत नव्हती. तिकडे बोळिंजला फादर वाट बघत होते. शेवटी पेटी रिकामी झाली. "तुम्ही उतरा पुढे," सेलिनबाई म्हणाल्या, "मी साडी बदलून लिफ्टने येते."

पेटी लिफ्टमध्ये मावेना. आडवी नाही, तिरपी नाही, उभी नाही. म्हणून जिन्याने. चौथा मजला, अरुंद जिना आणि वळणावर कठडा आडवा येणारा. हातात धरून ती वळेचना. मग इनासकाका म्हणाले, "खांद्यावर घ्या." आणि आम्ही घेतली.

इथे सगळं फिसकटलं. भिंतीला टेकून, गादी घालून, उशा मांडून ठेवली होती तोवर ती पेटी दिवाण होती. चौघांच्या खांद्यावर चढताच तिच्याकडे बघून शेंबड्या पोरालाही कळलं असतं की ती काय आहे. त्यात इनासकाकांच्या खांद्याला लाकूड लागलं आणि त्यांचे पाय आपोआप मयतीच्या संथ चालीत पडू लागले. ओठ हलायला लागले, प्रार्थना सुरू झाली. पुढच्या खांद्याला काळा सूट, बाकी रडून सुजलेले दोघे भाऊ आणि कोरड्या डोळ्यांचा मी.

तिसऱ्या मजल्यावर शिंदेवहिनी कचऱ्याचा डबा घेऊन दार उघडत होत्या. त्यांनी आम्हाला पाहिलं, वरच्या मजल्याकडे पाहिलं आणि डबा हातातून सुटला. "सेलिन आंटी?" त्या पुटपुटल्या. मी मान हलवली. मला म्हणायचं होतं, 'हो, त्यांच्याकडूनच आलो.' त्यांनी पदर तोंडाला लावला आणि दार ढकलून फोनकडे धावल्या.

आम्ही दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सेलिनबाई वारल्या होत्या. पहिल्या मजल्यापर्यंत त्यांच्या आत्म्याला शांती मिळाली होती. दारं उघडत होती, लोक चपला काढून उभे राहत होते. खाली कंपाउंडमध्ये नवरात्राच्या मांडवाचं साऊंड टेस्टिंग चाललं होतं, ते कुणीतरी बंद करवलं. वॉचमनने टोपी काढली. इस्त्रीवाल्याने कुठूनतरी झेंडूचा हार आणून पेटीवर घातला. मी सांगायला बघत होतो, पण पाया पडणाऱ्या माणसाला, "अहो, रिकामी आहे," असं सांगणं वाटतं तितकं सोपं नसतं. शिवाय आम्हाला सगळे इतक्या मायेने वाट करून देत होते की माझे डोळे खरंच वाहायला लागले. सकाळपासून मी धड रडलो नव्हतो. एव्हरशाईनच्या लॉबीत, दुसऱ्याच बाईच्या मयतीत, मी माझ्या बापासाठी पोटभर रडून घेतलं.

सेक्रेटरी पुढे आले आणि त्यांनी आम्हाला पेटी जरा खाली ठेवायला लावली. त्यांना दोन शब्द बोलायचे होते. "सेलिन आंटी," ते म्हणाले, "म्हणजे शिस्त. पार्किंगवरून कधी भांडण नाही, गच्चीच्या चावीवरून कधी कटकट नाही. अशी मेंबर पुन्हा होणे—"

तेवढ्यात लिफ्टचं दार उघडलं आणि ठेवणीतली साडी नेसून, हातात पर्स घेऊन सेलिनबाई बाहेर आल्या.

"अजून इथेच?" त्या म्हणाल्या. "मला वाटलं टेम्पोत चढवली असेल."

शिंदेवहिनींच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी त्याआधी आणि त्यानंतर कुठल्याही माणसाच्या तोंडून ऐकलेला नाही. वॉचमन टोपी विसरून गेटबाहेर पळाला. सेक्रेटरींचं 'पुन्हा होणे' ओठांवरच राहिलं. शेवटी तेच म्हणाले, "आंटी, आम्ही तुमच्यासाठीच जमलोय."

"माझ्यासाठी? कशाला?"

सेलिनबाईंनी लोकांच्या जोडलेल्या हातांकडे पाहिलं. मग जमिनीवरच्या पेटीकडे, तिच्यावरच्या हाराकडे, कड्यांजवळ उभ्या राहिलेल्या आम्हा चौघांकडे, इनासकाकांच्या काळ्या सुटाकडे. हळूहळू त्यांचा चेहरा पांढरा पडत गेला. डॉक्टरांनी बजावलेला धक्का आता येणार आणि त्याला मी जबाबदार असणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. मी मनातल्या मनात दुसऱ्या पेटीची सोय कुठे होईल याचा विचारसुद्धा केला. (देवा, माफ कर.)

पण त्यांनी विचारलं ते वेगळंच. "मेस्त्री गेले?"

मी मान हलवली.

"आणि ही त्यांची होती?"

"हो. स्वतःसाठी केलेली."

"आणि मला आवडली म्हणून..." त्या सवयीने मागे सरकून पटकन बसल्या. पेटीवरच बसल्या. तिथे हाराशेजारी बसून त्या माणसासाठी त्या ओक्साबोक्शी रडल्या आणि कुणाची त्यांना उठवायची छाती झाली नाही.

मग नाक पुसून उठल्या आणि माझ्याकडे वळल्या. "बीपी मला आहे रे विल्सन. पण अक्कल तुला नाही. पॉलिश म्हणे."

"तुम्हाला धक्का बसू नये म्हणून."

"आणि आता काय गुदगुल्या झाल्या?" एवढं बोलून त्या पुन्हा लिफ्टने वर गेल्या. आम्हाला वाटलं, संपलं, सोयरीक तुटली. पण पाच मिनिटांत त्या बगलेत एक गोधडी घेऊन परत आल्या आणि टेम्पोत ड्रायव्हरशेजारी जाऊन बसल्या.

बोळिंजला दारातच मम्मी उभी होती. विहीणबाईंना टेम्पोतून उतरताना बघून तिचा चेहरा उतरला. ती हात जोडून म्हणाली, "विहीनबाई, आमचं चुकलं. तेव्हाच सांगायला पायजे होतं."

"चुकलंच," सेलिनबाई म्हणाल्या. "पण ते नंतर. आधी बाजूला व्हा."

त्या आत आल्या, पेटीचं झाकण स्वतः उघडलं आणि आणलेली गोधडी आत अंथरायला लागल्या. पायथ्याशी एक घडी, कमरेखाली दोन घड्या. फादरांनी हळूच विचारलं, याची काही गरज आहे का. "फादर," त्या म्हणाल्या, "कमरेला ही जरा खोल आहे. नुसत्या लाकडावर दुसऱ्या दिवशी भरून येते. मी झोपलेय हिच्यात... हिच्यावर. मला माहीत आहे." फादर बाजूला झाले. अख्ख्या पॅरिशमध्ये या विषयातला स्वानुभव असलेली ती एकटीच व्यक्ती होती.

पपांना आम्ही आत ठेवलं. ऐसपैस मावले. पाय पसरून. डोळ्यांसमोर त्यांनी कोरलेला क्रूस. मम्मीने एकदा कडीवरून हात फिरवला आणि तिला जे हवं होतं ते झालं हे तिच्या चेहऱ्यावर दिसलं. मातीला सगळी आळी होती, अर्नाळ्याची माणसं होती, आणि एव्हरशाईनहून एक मिनीबस भरून लोक आले होते. त्यांनी सेलिनबाईंसाठी आणलेली फुलं परत न्यायची कशी म्हणून पपांना वाहिली. शिंदेवहिनी मात्र शेवटपर्यंत सेलिनबाईंपासून दहा हात लांब उभ्या होत्या.

गोष्ट इथे संपायला हवी होती, पण सेलिनबाईंची पाठ पुन्हा दुखायला लागली. स्प्रिंगचा पलंग आणला, फोमची गादी आणली, डॉक्टर पुन्हा धरला. काही उपयोग नाही. एके दिवशी मला फोन आला. "विल्सन, मेस्त्रींची हत्यारं आहेत ना घरी?"

"आहेत."

"त्यांनी रंधून ठेवलेल्या फळ्या?"

"आहेत."

"मग मला तशीच एक करून दे. सध्या दिवाण म्हणून वापरीन. पुढचं पुढे. मेस्त्रींचा मुलगा आहेस तू."

मुलगा आहे, हे खरं. पण मी अंधेरीच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर कुरियरच्या नोंदी भरतो. तरी मी सुट्ट्यांच्या दिवशी पडवीत बसलो, पपांचा रंधा हातात घेतला, आणि महिनोन्‌महिने खपून एक पेटी केली. मला तिचा अभिमान वाटत होता. मम्मीने ती बघितली आणि सरळ आत जाऊन चहा टाकला. तेव्हाच मी ओळखायला हवं होतं.

सेलिनबाईंनी ती चारही बाजूंनी पाहिली. बसून पाहिलं, तेव्हा ती डावीकडे कलली. झाकण लावून पाहिलं, ते लागलं. उघडून पाहिलं, ते उघडेना. दोघांनी मिळून ओढलं तेव्हा कडी माझ्या हातात आली. सेलिनबाईंनी उठून औषधांचा डबा काढला, दोन्ही वेळच्या गोळ्या वेगवेगळ्या लावून ठेवल्या, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर डॉक्टरची पुढची तारीख ठळक करून ठेवली.

आता त्या रोज सकाळी चालायला जातात. मीठ सोडलं, तळलेलं सोडलं, बीपी पंचविशीतल्या पोरीसारखं आलं आहे. बिल्डिंगमध्ये कुणी रहस्य विचारलं तर माझ्या पेटीकडे बोट दाखवतात आणि म्हणतात, "ह्यात जायचं नाहीये मला."

पपांनी जन्मभर खपून गावाला नीट पोचवलं. मी आयुष्यात एकच पेटी केली, आणि तिच्या धास्तीने गिऱ्हाईक मरायलाच तयार नाही.